अंदाज त्यांचा, पेरणी आपली

(नाशिक जिल्ह्यातील कार्यकर्त्यांच्या बैठकीत झालेल्या भाषणाचा मजकूर)



मृगाच्या आधीच्या प्रत्येक बैठकीत एक प्रश्न हमखास येतो. "यंदा काय पेरू?" मालेगाव-नांदगावचा कपाशीवाला विचारतो, येवला-चांदवडचा मकावाला विचारतो, पलीकडे खानदेशातला ज्वारीवालाही विचारतो. विचारणाऱ्याच्या मनात उत्तर ठरलेले असते. गेल्या दिवाळीत ज्याला भाव मिळाला, ते यंदा पेरायचे. आपला भावाचा अंदाज म्हणजे गेल्या वर्षीची पट्टी. आज मला या अंदाजाबद्दलच बोलायचे आहे आणि विषय घेतला आहे कोंबडीच्या आणि गुराच्या खाण्याचा.

तुम्ही म्हणाल, आम्ही कोरडवाहू माणसे. आमचा कापूस गिरणीत जातो, ज्वारी तव्यावर जाते. कोंबडीच्या खाण्याशी आमचा काय संबंध? संबंध आहे, आणि तो कळत नाही म्हणूनच लिलावाच्या ओट्यावर आपली फसगत होते.

आपण काय विकतो?

हिशेब सोपा आहे, वहीत लिहून घ्या. एक क्विंटल कापूस पिंजला की साधारण ३४ किलो रुई निघते आणि ६४ किलो सरकी. बाकी घट. रुईचा भाव गिरणी ठरवते, मान्य. पण सरकीचे तेल काढून उरते ती पेंड गायी-म्हशींच्या गव्हाणीत जाते. सरकी किलोमागे पाच रुपयांनी चढली, तर तुमच्या क्विंटलभर कापसाची किंमत ३२० रुपयांनी चढते. पाच रुपयांनी पडली, तर तेवढीच पडते. कापसाचा भाव गिरणीत ठरतो असे आपण समजतो. त्यातला एक हिस्सा गोठ्यात ठरतो.

सोयाबीन घ्या. सरकार त्याला तेलबी म्हणते. एक क्विंटल सोयाबीन गाळले की तेल निघते १८ किलोच्या आसपास आणि पेंड ८० किलोच्या वर. म्हणजे ती पेंडबीच आहे, तेल हा वरचा नफा. ही पेंड कोंबडीच्या खाद्यात जाते.

आता ज्वारी. पांढरीशुभ्र ज्वारी भाकरीला जाते, तिचा भाव वेगळा. पण कणसात दाणा भरला आणि परतीच्या पावसाने काळा पडला, की ती ज्वारी भाकरीची राहत नाही. मग तिला गिऱ्हाईक दोनच, भट्टी आणि खाद्याचा कारखाना. खाद्यवाला ज्वारी घेताना मक्याच्या भावाकडे बघतो. मका स्वस्त असेल तर तो काळ्या ज्वारीला का हात लावील? तेव्हा मका तुम्ही पेरा किंवा न पेरा, खरीप ज्वारी काळी पडली की तुमच्या भावाची छत मका ठरवतो. बाजरीचेही असेच आहे.

खाणारा किती खातो?

मागणी मागणी म्हणतात ती काय असते? ती पोटात मोजायची. दोन किलोची ब्रॉयलर कोंबडी तयार व्हायला सुमारे सव्वातीन किलो खाद्य लागते. त्यात मका दोन किलोच्या जवळपास आणि सोयाबीनची पेंड किलोभर. एका एकरात वीस क्विंटल मका निघाला, तर तो हजार कोंबड्यांचा खुराक झाला. अंड्याची कोंबडी दिवसाला सुमारे ११० ग्रॅम खाते, म्हणजे वर्षाला ४० किलो.

ब्रॉयलरचे पिलू पाच-सहा आठवड्यांत विक्रीला येते. याचा अर्थ नीट समजून घ्या. कोंबडीवाल्याला तोटा दिसू लागला की तो नवी पिले टाकणे बंद करतो आणि दीड महिन्याच्या आत मक्याचे गिऱ्हाईक निम्मे होऊ शकते. आपला मका मात्र शेतात चार महिने उभा असतो. त्याला दीड महिन्यात अंग काढून घेता येते, आपल्याला एकदा पेरले की माघार नाही. सगळ्या दुखण्याचे मूळ इथे आहे.

ही गोष्ट मी पुस्तकात वाचून शिकलो नाही. २०१८ साली कर्नाटकात लष्करी अळी आली, त्याच साली ती महाराष्ट्रात उतरली आणि २०१९ च्या खरिपात तिने आपल्या जिल्ह्यातला मका पोंग्यातच खाल्ला. जानेवारी २०२० मध्ये मका दोन हजाराच्या आसपास होता. हमीभाव होता १७६०. जो तो सांगत होता, माल कमी आहे, भाव आणखी चढणार. मीही तेच ऐकले. घरात वाळवून ठेवलेला चाळीस क्विंटल मका विकला नाही. विहिरीचे खोदकाम निम्म्यावर होते, ते त्या पैशातून पुरे करायचे ठरले होते.

फेब्रुवारीत अफवा उठली, की कोंबडी खाल्ल्याने कोरोना होतो. महिनाभरात कोंबडी कवडीमोल झाली. कोंबडीवाल्यांनी पिले टाकणे बंद केले. मार्चअखेर टाळेबंदी लागली. मे महिन्यात मी तो मका तेराशेच्या आत दिला. विहीर दोन उन्हाळे तशीच पडून राहिली. मक्याचे पीक कमी होते हा अंदाज अगदी बरोबर निघाला होता. पण अंदाज सांगणाऱ्यांनी फक्त पीक मोजले, खाणाऱ्याकडे कुणी पाहिले नाही. मीही पाहिले नाही.

चक्र कसे फिरले?

आता अलीकडची गोष्ट. २०२३ साली पाऊस कमी झाला. उसाची चिंता, तांदळाची चिंता. जुलै २०२३ मध्ये अन्न महामंडळाचा तांदूळ इथेनॉलला देणे थांबले. डिसेंबरात उसाच्या रसापासून इथेनॉल करण्यावर बंधने आली. पेट्रोलमध्ये इथेनॉल मिसळायचे उद्दिष्ट मात्र कायम होते. मग उरला मका. जानेवारी २०२४ मध्ये मक्याच्या इथेनॉलचा दर लिटरला ६६ रुपये ७ पैशांवरून ७१ रुपये ८६ पैसे करण्यात आला. एक क्विंटल मक्यातून सुमारे ३८ लिटर इथेनॉल निघते. गुणाकार करा, सत्तावीसशे रुपयांच्या वर जातो. त्यातून इंधन, मजुरी, घसारा वजा केला की कारखाना मक्याला किती देऊ शकतो ते कळते. मका बावीसशे, तेवीसशे, कुठे त्याच्याही वर गेला. जो देश बांगलादेश, व्हिएतनाम, नेपाळला मका विकत होता, तो २०२४ मध्ये म्यानमार आणि युक्रेनकडून मका घेऊ लागला.

आपल्याला वाटले, आता मक्याला मरण नाही. पुढे काय झाले ते पाहा.

मक्यातून इथेनॉल काढले की क्विंटलमागे तीसेक किलो कोरडा चोथा उरतो. कारखानदार त्याला डीडीजीएस म्हणतात. त्यात प्रथिने भरपूर असतात. हा चोथा खाद्याच्या कारखान्यात स्वस्तात जाऊ लागला आणि त्याने सोयाबीनच्या पेंडीची जागा खाल्ली. पेंड पडली तसे सोयाबीन पडले. २०२४ च्या दिवाळीत सोयाबीनचा हमीभाव ४८९२ होता आणि बाजारात ते त्याच्या कितीतरी खाली विकले जात होते. इतर कारणेही होती, पण हे एक मोठे कारण होते. सरकीच्या पेंडीलाही त्याच चोथ्याशी टक्कर द्यावी लागली.

सोयाबीनवाला वैतागला. कपाशीवालाही बोंडअळी आणि वेचणीची मजुरी यांनी वैतागलेलाच होता. दोघांनी गेल्या वर्षीची पट्टी पाहिली आणि मका पेरला. देशातले मक्याचे उत्पादन २०२३-२४ मध्ये सुमारे ३७६ लाख टन होते, ते २०२४-२५ मध्ये ४३४ लाख टनांवर गेले. २०२५ च्या खरिपात पेरा आणखी वाढला. तिकडे जानेवारी २०२५ मध्ये अन्न महामंडळाचा तांदूळ इथेनॉलसाठी २८०० ऐवजी २२५० रुपये क्विंटलने देण्याचे ठरले. दारात २२५० चा वाळलेला, निवडलेला तांदूळ येत असताना कारखानदार ओल्या मक्याला चढा भाव देईल? २०२५-२६ चा हमीभाव २४०० जाहीर झाला आणि दिवाळीनंतर बाजार समित्यांत कितीतरी मका दोन हजाराच्या आत गेला.

सोयाबीन पडले म्हणून मका पेरला, सगळ्यांनी मका पेरला म्हणून मका पडला. बैल घाण्याला फिरतो तसे आपण फिरलो. बैलाला निदान वैरण मिळते.

अंदाज कुणासाठी असतो?

कोणी म्हणेल, अंदाज चुकतात म्हणून ऐकूच नयेत. तसे मी म्हणत नाही. दिल्लीचे कृषी खाते वर्षातून अनेकदा पिकाचे आगाऊ अंदाज काढते. इंदूरची सोयाबीन प्रक्रिया करणाऱ्यांची संघटना दरवर्षी पिकाची पाहणी करते. अमेरिकेचे कृषी खाते दर महिन्याला साऱ्या जगाच्या मका-सोयाबीनचा ताळेबंद मांडते. हे सगळे वाचावे. पण वाचताना एक प्रश्न विचारावा, हा अंदाज कुणाच्या उपयोगासाठी काढला आहे? खाद्याच्या कारखान्याला तीन महिन्यांचा माल कधी भरायचा हे ठरवायचे असते. सरकारला महागाई होईल का, आयात करावी का, हे ठरवायचे असते. शेतकऱ्याने काय पेरावे हे सांगण्यासाठी तो काढलेलाच नसतो. पीक भरघोस आहे असे छापून आले की आपण हरखतो आणि व्यापारी बोली उतरवतो.

शिवाय अंदाजात पाऊस धरता येतो, अळी धरता येते, कोंबड्या धरता येतात. एक गोष्ट धरता येत नाही, ती म्हणजे सरकारचा हुकूम. तारखा पाहा. २०२१ च्या पावसाळ्यात सोयाबीन दहा हजाराच्या घरात होते. खाद्यवाल्यांनी ओरड केली. २४ ऑगस्ट २०२१ ला बारा लाख टन सोयाबीन पेंड आयात करण्याची परवानगी निघाली. सोयाबीन तेव्हा शेतात शेंगा धरून उभे होते. काढणी होईपर्यंत भाव निम्म्याजवळ आला. त्याच वर्षी २० डिसेंबरला सोयाबीनचा वायदेबाजार बंद केला आणि ती बंदी पुन्हा पुन्हा वाढवली. पुढचा भाव दाखवणारा एक दिवा होता, तोही फुंकला.

मक्याचे पाहा. जून २०२० मध्ये, आम्ही तेराशेला मका विकून मोकळे झालो होतो तेव्हा, पाच लाख टन मका १५ टक्के कराने आणण्याची सवलत जाहीर झाली. जून २०२४ मध्ये पुन्हा तेवढीच. कपाशीचे पाहा. ११ टक्के आयातकर १९ ऑगस्ट २०२५ ला उठवला, वेचणीला दोन महिने असताना. पेरणी आणि काढणी यांच्यामध्ये हुकूम येतो. आधी आला असता तर आपण दुसरे काही पेरले असते. नंतर आला असता तर माल विकून झाला असता.

ज्वारीवाल्यांनी आणखी एक ऐकावे. फेब्रुवारी २०२६ मध्ये भारत आणि अमेरिका यांचे संयुक्त निवेदन निघाले. ज्या मालावरचा कर काढायचा किंवा कमी करायचा, त्या यादीत दोन नावे आहेत: इथेनॉलचा चोथा आणि जनावरांच्या खाद्यासाठी लाल ज्वारी. आपल्यातल्या म्हाताऱ्या माणसांना लाल ज्वारी आठवत असेल. १९७२ च्या दुष्काळात मिलो म्हणून खाल्ली होती. तेव्हा ती आपल्या पोटासाठी आली. आता ती कोंबडीच्या पोटासाठी येण्याची भाषा आहे. ती किती येईल आणि काय भावाने पडेल, यावर आपल्या काळ्या ज्वारीची किंमत ठरेल. भाकरीची शाळू-मालदांडी आणि तिचा कडबा यांना तिची स्पर्धा नाही. हा फरक ज्वारी पेरणाऱ्याने ध्यानात ठेवावा.

आपला अंदाज आपण काढायचा

मग करायचे काय? मी भविष्य सांगणारा जोशीबुवा नाही. मका अमुक भावाने जाईल असे मी सांगणार नाही, आणि कुणी छातीठोक सांगत असेल तर त्याला विचारा, तू त्या भावाने आगाऊ घेतोस का? पण पेरणीआधी आणि विक्रीआधी पाच गोष्टी पाहण्याची सवय लावून घ्या.

पहिली, जुना माल किती शिल्लक आहे? आपल्या गावातल्या घरांत आणि तालुक्याच्या गोदामांत मे महिन्यात मका भरलेला असेल, तर नव्या हंगामाचा भाव त्याच्या ओझ्याखाली सुरू होणार.

दुसरी, एक दिवसाच्या पिलाचा भाव. आपल्या जिल्ह्यात शेडवाले जागोजाग आहेत, त्यांना विचारा. पिलू महाग असेल तर कोंबडीवाले शेड भरत आहेत, दीड महिना मक्याला मागणी राहील. पिलू फुकटात जात असेल तर सावध व्हा. श्रावणात आणि नवरात्रात मागणी मंदावते, तेही धरा.

तिसरी, मक्याच्या इथेनॉलचा दर आणि सरकारी तांदळाचा दर. दोन्ही सरकार जाहीर करते, दोन्ही वहीत लिहा. यांतूनच मक्याची छत ठरते.

चौथी, शेजाऱ्याचे शेत. नांगरलेल्या दहा शेतांपैकी आठांत मका पडणार असेल, तर तुमच्या मक्याने काय होणार? मी सगळी कपाशी मोडा किंवा सगळी ज्वारी टाका असे म्हणत नाही. सगळे पोते एका गाडीत घालू नका, एवढेच म्हणतो.

पाचवी, ओलावा. हे तर पूर्ण आपल्या हातात आहे. हमीभावाने खरेदी होते ती १४ टक्के ओलाव्यापर्यंत. तुम्ही २४ टक्क्यांचा मका नेला, तर त्या क्विंटलमध्ये कोरडा माल ७६ किलो. तो १४ टक्क्यांवर वाळला की वजन ८८ किलो भरते. म्हणजे वाळल्या मक्याला दोन हजार असेल, तर ओल्याला १७६७ हा न्यायाचा भाव झाला. वाळवणीचा थोडा खर्च व्यापाऱ्याचा, तोही सोडा. पण त्याने तेराशे पुकारले तर मधले चारशे कशाचे? हे गणित येत नसेल तर ते चारशे आपल्या अडाणीपणाची फी समजा. गावात पाच-सात जणांनी मिळून एक मॉइश्चर मीटर घेतला तर तो एका हंगामात फिटतो. ओल्या मक्याला बुरशी येते आणि बुरशीचे विष कोंबडीला बाधते, म्हणून खाद्यवाला घाबरतो. त्याची भीती खरी आहे. ती मळणीआधी कणसे नीट वाळवून काढायची, खळ्यावर भांडून नव्हे.

वाळलेला माल थांबवायचा असेल तर पणन मंडळाची शेतमाल तारण योजना १९९०-९१ पासून आहे. मालाच्या किमतीच्या ७५ टक्क्यांपर्यंत कर्ज, सहा महिने, सहा टक्के व्याज. सतराशेच्या मक्यावर १२७५ रुपये हातात मिळतात आणि चार महिन्यांचे व्याज होते साडेपंचवीस रुपये. आपली बाजार समिती ही योजना राबवते का, ते जाऊन विचारा. राबवत नसेल तर का नाही, हे निवडणुकीत विचारा. पण माझी चूक करू नका. सगळा माल थांबवून ठेवणे हाही जुगारच. तिसरा हिस्सा हंगामात विका, तिसरा संक्रांतीनंतर, उरलेला होळीच्या सुमारास. सगळ्यात चढा भाव मिळणार नाही, पण सगळ्यात पडका भावही सगळ्या मालाला लागणार नाही.

शेवटची गोष्ट. १९८२ साली बी. व्ही. राव यांच्या पुढाकाराने अंडे उत्पादकांनी समन्वय समिती उभी केली. तेव्हापासून ते आपल्या अंड्याचा भाव रोज स्वतः जाहीर करतात. तो भाव दरवेळी मिळतोच असे नाही, पण बोली त्यांच्या तोंडून सुरू होते. आमचा मका खाऊन कोंबडी अंडे घालते. अंडेवाला भाव सांगतो आणि मकावाला ओट्यावर उभा राहून विचारतो, "काय देता शेठ?"

म्हणून या बैठकीपुढे एकच मागणी ठेवतो. मका, सोयाबीन, ज्वारी, कापूस आणि त्यांची पेंड-चोथा यांच्या आयातीचा, कराचा आणि साठ्याचा जो काही निर्णय घ्यायचा असेल, तो पेरणीआधी, १५ मेपर्यंत जाहीर करावा आणि माल बाजारात येऊन जाईपर्यंत बदलू नये. आम्हाला अनुदान नको, दया नको. कर शून्य ठेवायचा तर शून्य ठेवा, पण आधी सांगा. काय पेरायचे ते मग आम्ही बघू. पावसाचा जुगार आम्ही पिढ्यान्‌पिढ्या खेळत आलो आहोत. त्यावर दिल्लीचा जुगार आम्हाला झेपत नाही.

आणि घरी गेल्यावर गेल्या वर्षीची पट्टी पेटीत ठेवून द्या. ती हिशेबासाठी आहे, पेरणीसाठी नाही. एवढे बोलून थांबतो.